एलेनॉरला भावंडं कशाला दिलीत?



मागचा लेख आल्या-लसणाशिवायच्या लोणच्यावर होता आणि हा भुताच्या मालिकेवर आहे. काही जणी कपाळावर हात मारतील. मारा, पण शेवटपर्यंत वाचा. मला भांडायचं आहे आणि भांडण एकटीनं होत नाही.

गेल्या चातुर्मासात मी काही दिवस पुण्याला लेकाकडे होते. आपली जेवणं सूर्य मावळायच्या आत आटोपतात. त्यानंतरची संध्याकाळ किती लांब असते ते तुम्हाला सांगायला नको. आरती झाली, जप झाला, नातवंडं झोपली, तरी घड्याळात नऊच. सूनबाई ऑफिसचं काम मिटवून टीव्ही लावायची. एका रात्री म्हणाली, "आई, तुम्ही पण बसा ना. भुताची आहे, पण खरं तर एका कुटुंबाची गोष्ट आहे. तुम्हाला आवडेल."

मालिकेचं नाव 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस'. माइक फ्लॅनगन या अमेरिकन दिग्दर्शकानं केलेली, 2018 साली नेटफ्लिक्सवर आलेली, दहा भागांची. चार रात्रींत आम्ही दोघींनी ती संपवली. खोटं कशाला सांगू, मला आवडली. सहाव्या भागात अंत्यविधीच्या रात्री सगळं कुटुंब एका खोलीत जमतं आणि कॅमेरा कितीतरी वेळ न थांबता त्यांच्याभोवती फिरत राहतो. तेव्हा मी पदरानं डोळे पुसत होते. शेवटच्या भागाला तर दोघीही रडलो.

मग सूनबाईनं कपाटातून मूळ कादंबरी काढून दिली. शर्ली जॅक्सन यांची, त्याच नावाची, 1959 सालची. जाडजूड नाही, दोन-अडीचशे पानांच्या आतबाहेर. माझं इंग्रजी बी.कॉम.च्या वेळचं, तेही हिशेबाच्या पुस्तकांपुरतं. तरी शब्दकोश शेजारी ठेवून आठ दिवसांत वाचली. वाचून संपली आणि मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

आधी कादंबरीत काय आहे ते सांगते, कारण मालिका बघितलेल्यांना ते कळणारच नाही.

एलेनॉर नावाची बत्तीस वर्षांची बाई आहे. लग्न झालेलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईची तिनं अकरा वर्षं सेवा केली. उचलणं, पुसणं, पथ्याचं करणं, औषधाच्या वेळा. आई वारली. आता ती लग्न झालेल्या बहिणीच्या घरी राहते आणि बाळाच्या खोलीत एका खाटेवर झोपते. तिची स्वतःची म्हणावी अशी खोली नाही, घर नाही, मैत्रीण नाही. बहिणीबरोबर मिळून घेतलेली एक गाडी आहे, अर्धे पैसे एलेनॉरचे. भुताखेतांचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरांचं पत्र येतं की एका जुन्या वाड्यात थोडे दिवस राहायला या. तिला तेवढंच हवं असतं, कुणीतरी बोलावलेलं. ती बहिणीकडे गाडी मागते. बहीण आणि मेहुणे नाही म्हणतात. का, तर बाळाला अचानक काही झालं तर गाडी लागेल. शेवटी एलेनॉर न सांगता, भल्या सकाळी, आपली अर्ध्या मालकीची गाडी घेऊन निघते. चोरासारखी.

वाटेत तिला दिसेल ते घर आपलं वाटू लागतं. एका घरासमोर दगडी सिंह दिसतात. झालं, मनातल्या मनात ती तिथे राहायला लागते, रोज सकाळी त्या सिंहांची धूळ पुसते. पुढे एका खाणावळीत एक लहान मुलगी हट्ट करत असते की दूध माझ्या घरच्या पेल्यातूनच पिणार. त्या पेल्याच्या तळाशी तारे आहेत. एलेनॉर मनात त्या पोरीला म्हणते, ऐकू नकोस त्यांचं, पेला सोडू नकोस.

वाड्यात पोचल्यावर तिथली दुसरी पाहुणी तिला विचारते, तू कुठे राहतेस? आणि एलेनॉर खोटं बोलते. माझी छोटी जागा आहे म्हणते आणि वाटेत पाहिलेल्या सगळ्या वस्तू त्या जागेत मांडते. दगडी सिंह सुद्धा. मैत्रिणींनो, मी तिथे पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. दारावर रात्री पडणाऱ्या थापा पुढे येतातच, भिंतीवर खडूनं लिहिलेलं तिचं नाव येतं, अंधारात हातात धरलेला हात नेमका कुणाचा होता हा प्रश्न येतो. त्यातलं काहीही मला त्या दगडी सिंहांइतकं भयंकर वाटलं नाही.

शेवटी एलेनॉरला वाटायला लागतं की आपलं घर हेच. बाकीचे घाबरतात आणि तिला परत पाठवायचं ठरवतात. ती सांगते, मला जायला जागा नाही. तरी तिला गाडीत बसवतात. ती वाड्याच्या वाटेवरच्या झाडावर गाडी घालते. अगदी शेवटच्या क्षणी तिच्या मनात येतं, हे मी का करते आहे आणि मला कुणी अडवत का नाही? संपली गोष्ट. शेवटच्या ओळीत त्या वाड्याबद्दल सांगताना जॅक्सनबाई जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'एकटं' असा आहे.

आता मालिका घ्या.

मालिकेत एलेनॉरला चार सख्खी भावंडं आहेत. जीव टाकणारे आईवडील आहेत. जुळा भाऊ आहे, त्याला दुखलं की तिला दुखतं. तिचं लग्न होतं आणि नवराही चांगला असतो. तिच्या दुःखाचं कारण लहानपणी त्या वाड्यात घडलेल्या घटना आणि डोळ्यांसमोर आलेली भुतं. शेवटच्या भागात वडील मुलांना वाचवण्यासाठी स्वतः मागे राहतात, मेलेली एलेनॉर भावंडांचा निरोप घेते, सगळे एकमेकांना क्षमा करतात. आणि कादंबरीची ती शेवटची ओळ घेऊन त्यातला कळीचा शब्द बदलतात. 'एकटं' काढून 'सोबत'.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

सूनबाई म्हणाली, "आई, रूपांतरात बदल होणारच. दहा तासांची मालिका करायची तर एका एकट्या बाईवर कशी चालेल? माणसं वाढवावीच लागतात." बरोबर आहे तिचं. बदल करू नका असं मी म्हणतच नाही. मी शाळेत असल्यापासून वाचनालयातून नारायण धारप आणून वाचलेत, पांघरुणात टॉर्च लावून. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे हे मला फार नंतर कळलं. धारपांनी माणसं बदलली, गाव बदललं, देश बदलला. पण चांगलं हसतंखेळतं गाव आतून पोखरत जाणं, शेजारी शेजाऱ्याचा न राहणं, ही मूळची भीती त्यांनी जपली. घागर बदलली, पाणी तेच ठेवलं. हिल हाउसच्या मालिकेनं घागर तीच दाखवली आणि आत सरबत भरलं.

गोड लागतं म्हणून आपण पितो. मीही प्यायले की!

कॉमर्सला असताना आम्हाला गुडविल शिकवलं होतं. एखादं दुकान विकत घेताना माल, फर्निचर, येणी-देणी यांची किंमत होतेच, शिवाय दुकानाच्या नावाचीही किंमत मोजावी लागते. ते नाव वर्षानुवर्षं चोख माल देऊन कमावलेलं असतं. आता कुणी नुसतं नाव विकत घेतलं, पाटी तीच ठेवली आणि आत भलताच माल भरला, तर कायद्यानं कदाचित गुन्हा होणार नाही. पण जुनं गिऱ्हाईक काय म्हणेल? या मालिकेला स्वतःची गोष्ट सांगायची होती तर खुशाल सांगायची. भावंडांच्या दुःखाची चांगली गोष्ट आहे ती. पाटी मात्र जॅक्सनबाईंची कशाला लावलीत?

आणि ही जॅक्सनबाई कोण होती? ते कळल्यावर माझा राग दुप्पट झाला. चार मुलांची आई. नवरा समीक्षक आणि कॉलेजात प्राध्यापक. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका लहान गावात संसार. मुलांचे डबे, सर्दी-खोकले, हरवलेले मोजे यांवर ती मासिकांतून गमतीदार लेख लिहायची. त्या लेखांची 1953 आणि 1957 साली दोन पुस्तकं निघाली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच, घरगुती लेख लिहिणारी बाई! पहिल्या पुस्तकात तिनं एक प्रसंग सांगितलाय. बाळंतपणासाठी इस्पितळात गेली, तिथल्या बाईनं व्यवसाय विचारला, हिनं लेखिका म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, मी गृहिणी असंच लिहून टाकते. दुसऱ्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी हिल हाउस आली. रोज ज्या घराबद्दल हसत लिहीत होती, त्याच घराबद्दल तिनं मनातलं दुसरं काहीतरी सांगितलं. 1965 साली ती गेली, पन्नाशीही गाठली नव्हती.

आता मालिकेत बघा. तिथे 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' हे पुस्तक कुणी लिहिलंय? थोरल्या भावानं, स्टीव्हननं. कादंबरीच्या सुरुवातीचा जॅक्सनबाईंचा मजकूर त्याच्या तोंडी घातलाय, त्यानंच लिहिल्यासारखा. भावंडांचं दुःख विकून पैसे मिळवले म्हणून भावंडं त्याच्यावर चिडलेली आहेत, एवढं मालिका मान्य करते. आणि शर्ली हे नाव? ते दिलंय एका बहिणीला, जी अंत्यविधीचा व्यवसाय चालवते. बाईचं नाव एकीला, बाईचे शब्द दुसऱ्याला. याला म्हणे आदरांजली म्हणायचं! त्या इस्पितळातल्या बाईनं तिला फॉर्मवर गृहिणी केलं, ते तरी परवडलं म्हणायचं.

बरं, हे एकदाच झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. त्याच मंडळींनी 2020 साली 'द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर' काढली, नऊ भागांची. मूळ पुस्तक हेन्री जेम्स यांचं 'द टर्न ऑफ द स्क्रू', 1898 सालचं. त्यात मुलांना सांभाळायला ठेवलेली एक गरीब घरची तरुण मुलगी आहे. तिला नावसुद्धा दिलेलं नाही. मुलांचे काका पहिल्यांदाच बजावतात की काही झालं तरी मला त्रास द्यायचा नाही, सगळं तूच निस्तरायचं. तिला भुतं दिसायला लागतात. खरंच दिसतात की एकटीच्या डोक्यावर सगळा भार पडल्यानं तिचं मन तसं करतं, हे जेम्स शेवटपर्यंत सांगत नाहीत. सव्वाशे वर्षं लोक त्यावर वाद घालताहेत. मालिकेत तिला नाव मिळालं, पूर्वायुष्य मिळालं, आणि प्रत्येक भूत कुठून आलं त्याचं व्यवस्थित स्पष्टीकरण मिळालं. शेवटी तर मालिकेतलंच एक पात्र सांगतं की ही भुताची नव्हे, प्रेमाची गोष्ट आहे. म्हणजे पुन्हा सरबत.

'ड्रॅक्युला' घ्या. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या कादंबरीत मला सर्वांत आवडलेलं पात्र मीना. तिला शॉर्टहँड येतं, टाइपरायटर येतो. कुणाची डायरी, कुणाची पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, सगळं टाइप करून ती तारखेवार लावते. कच्च्या नोंदींवरून पक्की वही तयार करावी तसं. त्या वहीमुळेच पुरुषमंडळींना शत्रूचा माग लागतो. बीबीसीनं 1977 साली हीच कादंबरी लुई जूर्दान या नटाला घेऊन बरीचशी जशीच्या तशी केली होती. म्हणजे टीव्हीवर हे जमत नाही असं नाही. 2020 साली बीबीसीनंच नवी तीन भागांची मालिका केली. त्यात प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगच्या जागी एक तल्लख नन आणली. ती झकास आहे, मला आवडली. पण मीना पहिल्या भागानंतर जवळजवळ दिसेनाशी होते. एका बाईला तलवार द्यायची तर दुसरीची लेखणी काढून घ्यायलाच हवी का?

बघा, तीनही गोष्टींत कोण आहे? आजाऱ्याची सेवा करणारी, दुसऱ्याची पोरं सांभाळणारी, सगळ्यांच्या नोंदी ठेवणारी. जुन्या लेखकांनी भीतीची गोष्ट लिहायला अशी बाई निवडली, कारण घरात ती असते आणि कुणाला दिसत नाही. भूत यापेक्षा वेगळं काय असतं?

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, भय उत्पन्न करणारं मुळात बघूच नये, वाचूच नये. त्यांचा मान राखून एक सांगते. आपल्याकडे सात भयं सांगितली आहेत: इहलोक, परलोक, अरक्षा, अगुप्ति, मरण, वेदना आणि अकस्मात. लहानपणी पाठशाळेत पाठ केली होती. या यादीत भूत नाही, हे पुस्तक वाचताना प्रथमच माझ्या लक्षात आलं. अरक्षा म्हणजे आपलं रक्षण करणारं कुणी नाही ही भीती. अगुप्ति म्हणजे सुरक्षित राहायला जागा नाही ही भीती. एलेनॉरला नेमकी याच दोन भयांनी गिळली. जॅक्सनबाईंना आपलं शास्त्र ठाऊक असायचं कारण नाही, तरी त्यांनी भय अचूक ओळखलं. मालिकेनं ते भय काढून तिथे भुतं बसवली. कितीतरी प्रसंगांत मागे अंधारात भुतं लपवून ठेवली आहेत म्हणे, आणि प्रेक्षक ती शोधून मोजत बसतात. 1963 साली रॉबर्ट वाइज यांनी याच कादंबरीवर कृष्णधवल चित्रपट केला होता. त्यात एकही भूत दिसत नाही. आवाज येतात, एक दार आतल्या बाजूला फुगतं आणि ती बिचारी एलेनॉर दिसते. सूनबाईनं तोही दाखवला. त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि कुणी एकत्व भावनेचा दाखला देऊ नका. जीव एकटा येतो, एकटा जातो, हे आपण रोज म्हणतो. ते स्वतःहून चिंतन करणं वेगळं आणि चारचौघांच्या घरात एखादीला एकटं पाडणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला धर्माचं नाव देणं हा आपला जुना लबाडपणा आहे.

एवढा राग का आला, ते आता सांगते. हे सांगायला मला जड जातंय.

माझ्या सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं आमच्या वन्संनी केलं. मी केलं नाही. माझी मुलं लहान होती, मी स्वयंपाकघर बघायची, ही कारणं मी आजवर दिली आणि सगळ्यांनी मान्य केली. वन्संसाठी स्थळं यायची, तेव्हा घरात कुणीतरी म्हणायचं, आईंचं कोण बघेल? हळूहळू स्थळं यायची थांबली. सासूबाई रात्री काही हवं असलं की काठी फरशीवर ठोकायच्या. मी ती काठी ऐकायची आणि कूस बदलायची. वन्सं उठायच्या.

सासूबाई गेल्या. त्यांची खोली मुलांच्या अभ्यासाला दिली. वन्संची गादी मुलांच्याच खोलीत भिंतीकडेला घातली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

पुढच्या वर्षी समाजाची बस सम्मेदशिखरजीला निघाली. वन्संनी ब्लाउज शिवून पैसे साठवले होते. त्यांनी आमच्याकडे पैसे मागितले नाहीत. फक्त विचारलं, "वहिनी, मी जाऊ का?" मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही एकट्या कशा जाल? आणि मुलांच्या परीक्षा आहेत, घरी कुणीतरी हवं." त्या बरं म्हणाल्या. मग त्या बसनं आम्ही दोघं नवराबायको गेलो. 27 किलोमीटरची वंदना केली, टोंकेटोंकेवर हात जोडले. घरी येऊन सगळ्यांना प्रसाद दिला. वन्संनाही दिला.

कादंबरीत बहीण गाडी नाकारते ते पान वाचताना माझे कान गरम झाले. ती बहीण वाईट नाही हो. तिचं कारणही खोटं नाही, बाळ आजारी पडू शकतं की! जॅक्सनबाईंनी तिला राक्षसीण केलेलं नाही. आपल्यासारखी केलीय, कारणं तयार असलेली.

मालिकेत ही बहीण नाहीच. तिथे प्रेमळ भावंडं आहेत आणि दोष भुतांचा आहे, वाड्याचा आहे, लहानपणीच्या धक्क्याचा आहे. मालिका बघून मी रडले आणि मोकळी झाले. मला वाटलं, बघ, आपलं कुटुंबही असंच आहे, भांडलो तरी सोबत. पुस्तक वाचलं आणि मोकळं होता आलं नाही. म्हणून म्हणते, ही मालिका पुस्तकाचं रूपांतर नाही, ही पुस्तकातून सुटका आहे. पुस्तक ज्यांच्याकडे बोट दाखवतं त्यांनाच मालिका कुशीत घेते. गाडी नाकारणाऱ्यांना शेवटी मिठी मिळते, आणि गाडी मागणारी कुठे गेली ते कुणी विचारत नाही.

"पण आई, लोकांना दुःखातून बाहेर पडायला अशा गोष्टींची मदत होते," सूनबाई म्हणाली. होत असेल. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना त्या मालिकेनं धीर दिला असेल, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. पण धीर देणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. एलेनॉरची गोष्ट सांगणारी फारच थोडी पुस्तकं आहेत. त्या थोड्यांनाही धीर देण्याच्या कामाला जुंपलं, तर एलेनॉरचं कुणी बघायचं? पुन्हा तोच प्रश्न आला बघा, कोण बघेल?

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. जुनी भीतीची पुस्तकं पडद्यावर जरूर आणा. काळ बदला, देश बदला, पात्रं वाढवा. पुस्तक नाही म्हणत असेल तिथे हो म्हणू नका. ते जमत नसेल तर नवं नाव ठेवा, दुसऱ्या बाईच्या कमाईवर दुकान थाटू नका. आणि आपण बघणाऱ्यांनी मालिका बघितल्यावर मूळ पुस्तक हातात घ्यावं. इंग्रजी जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावं. माझ्यासारखीला आठ दिवसांत जमलं तर तुम्हाला सहज जमेल.

पर्युषणाला मी सांगलीला परत आले. दशलक्षण झाले, क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी आपण सगळ्यांना हात जोडतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतो. वन्संनाही मी दरवर्षी म्हणते. त्या दिवशी वन्सं सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि पहिल्यांदाच कळत-नकळत म्हणाले नाही. म्हणाले, "वन्सं, त्या शिखरजीच्या बसचं. आणि रात्री काठी वाजायची, मला ऐकू यायची, त्याचं."

त्या सुपातले खडे बाजूला काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं ते वहिनी, किती वर्षं झाली." थोड्या वेळानं विचारलं, "त्या बसमध्ये जागा किती होत्या हो?"

मला सांगावं लागलं. मागच्या दोन जागा शेवटपर्यंत रिकाम्या होत्या.

त्यांचे गुडघे आता चढू देत नाहीत. डोलीचं विचारलं, नको म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात भिंतीकडेला कुणाची गादी आहे? मालिका बघून रडण्याआधी तेवढं एकदा बघून या.

उत्तम क्षमा.